आधी ट्रान्समीटर की आधी संच?

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन झाले. समारंभात कशाची म्हणजे कशाची उणीव नव्हती. मार्कोनी कंपनीचा दीड किलोवॉटचा ट्रान्समीटर विलायतेहून बोटीने येऊन बसवून तयार होता. सरव्यवस्थापक म्हणून बीबीसीतले एरिक डन्स्टन आले होते. महिन्याभरात, २६ ऑगस्टला, तसाच दुसरा ट्रान्समीटर कलकत्त्यात सुरू झाला. उणीव होती ती फक्त ऐकणाऱ्यांची. कंपनी सुरू झाली तेव्हा साऱ्या देशात रेडिओचे परवाने हजारभरही नव्हते.

हे धाडस अगदीच हवेतले नव्हते, कारण त्याआधी हौशी मंडळींनी वाट थोडी तुडवली होती. १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडिया आणि टपाल-तार खात्याने मिळून मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्रावरून सोडला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम सुरू केले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबने सुरुवात केली, तीही मार्कोनी कंपनीने उसन्या दिलेल्या ट्रान्समीटरवर. मद्रासच्या क्लबसाठी कृष्णस्वामी चेट्टी यांनी इंग्लंडहून परतताना सामान आणले आणि जुळणी करून ४० वॉटचा ट्रान्समीटर उभा केला. घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी ही शक्ती, पण शहरातल्या चार लोकांच्या कानापर्यंत गाणे पोचवायला पुरेशी.

एएम तंत्राची खुबीच अशी होती. ठरावीक कंप्रतेची लहर सतत सोडत राहायचे आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणे तिची उंची कमीजास्त करायची. ती पकडायला फार काही लागत नाही. लांब तार, तारेचे वेटोळे, एक स्फटिक आणि कानाला लावायचा फोन एवढ्यावर भागते, वीजही लागत नाही. पण असा स्फटिक-संच केंद्राच्या आसपासच चालतो. मार्कोनीच्या दीड किलोवॉटचा भरवशाचा पल्ला सुमारे ३० मैल. मुंबईच्या केंद्रापासून एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यातला बराच भाग अरबी समुद्रात जातो! उरलेल्या जमिनीवर ज्यांना स्पष्ट ऐकायचे होते त्यांना व्हॉल्व्हचा संच घ्यावा लागे. तो परदेशातून येई, त्यावर जकात बसे, आणि तो चालवायला बॅटऱ्या लागत. मध्यमवर्गाच्या घरात तो येणार कुठून?

कंपनीचे उत्पन्न मात्र सगळे त्या संचावरच टांगलेले. परवान्याची वार्षिक फी १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. शिवाय आयात होणाऱ्या सामानाच्या किमतीवर १० टक्के. १९२७ च्या अखेरीस परवाने ३,५९४ झाले, १९२८ अखेर ६,१५२, आणि १९२९ अखेर ७,७७५. म्हणजे चांगल्यात चांगल्या वर्षी परवान्यांतून बासष्ट हजारांच्या आसपास. कलावंत, इंजिनिअर, जागा, वीज, व्हॉल्व्ह, सगळे त्यातून भागवायचे. अधिकृत भांडवल १५ लाखांचे, पण प्रत्यक्ष जमले ६ लाख, आणि त्यातला मोठा भाग दोन केंद्रे उभारण्यातच संपला होता. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. व्यापारी आणि श्रोते सरकारच्या मागे लागले, म्हणून सरकारने १ एप्रिलपासून केंद्रे ताब्यात घेतली. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये खर्च झेपेना म्हणून ती बंद करण्याचे ठरले, आणि लगेच पुढच्या महिन्यात तो निर्णय फिरवला गेला.

गंमत अशी की संचांची विक्री वाढवली ती मुंबई-कलकत्त्याच्या केंद्रांनी नव्हे. १९३२ च्या डिसेंबरमध्ये बीबीसीची साम्राज्यसेवा शॉर्टवेव्हवर सुरू झाली आणि इथल्या गोऱ्या साहेबांनी, संस्थानिकांनी, हौशी वकील-डॉक्टरांनी नवे संच घेतले. १९३२ अखेर ८,५५७ असलेले परवाने १९३५ अखेर २४,८३९ झाले. लंडनचा आवाज ऐकायला घेतलेल्या संचांच्या फीवर हिंदुस्थानातले प्रसारण तगले.

पुढचा मोठा बदल ज्यांनी केला ते सेसिल गॉयडर हे या कथेतले फार रंजक पात्र आहे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतल्या गॉयडर नावाच्या विद्यार्थ्याने शाळेतल्या बिनतारी यंत्रावरून न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी संवाद साधला होता. पृथ्वीच्या दोन टोकांमधला तो पहिला दुतर्फा रेडिओ-संवाद. तोच मुलगा बारा वर्षांनी, १९३६ मध्ये, ऑल इंडिया रेडिओ या सरकारी प्रसारणसंस्थेचा मुख्य अभियंता म्हणून दिल्लीत आला. तोवर लायनेल फील्डन यांनी तिची सूत्रे घेतली होती आणि दिल्लीत २० किलोवॉटचे मीडियम वेव्ह केंद्र सुरू झाले होते. पैसा मोजका होता. मीडियम वेव्हची लहर दिवसा जमिनीला धरून चालते, त्यामुळे जमीन कोरडी-खडकाळ असली की लवकर विरते. उष्ण कटिबंधातल्या विजांच्या कडकडाटाची खरखर त्यात भर घालते. एवढ्या मोठ्या देशाला मीडियम वेव्हने झाकायचे तर ट्रान्समीटर किती लागले असते याचा हिशेबच करवेना. गॉयडर यांनी शॉर्टवेव्हचा रस्ता धरला. वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरणारी ही लहर शाळकरी वयातच त्यांच्या हाताखालून गेली होती. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर लागले. मुंबईचा १० किलोवॉटचा ट्रान्समीटर फेब्रुवारी १९३८ मध्ये सुरू झाला. मद्रास तर त्याच जोरावर उभे राहिले, तिथला मीडियम वेव्ह ट्रान्समीटर अवघा पाव किलोवॉटचा होता.

संस्थानिकांनीही आपापली यंत्रे मागवली. म्हैसूरला मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ मध्ये स्वतःच्या हिकमतीवर केंद्र काढले आणि त्याला ‘आकाशवाणी’ नाव दिले, जे पुढे ऑल इंडिया रेडिओचेही झाले. निजामाच्या राज्यात हैदराबादबरोबर औरंगाबादलाही केंद्र होते.

१९३९ मध्ये महायुद्ध पेटले आणि परिस्थिती उलटी झाली. आता ऐकणारे होते, संच होते; ट्रान्समीटर हातात असणे हा मात्र गुन्हा झाला. हौशी रेडिओवाल्यांना आपली प्रक्षेपण यंत्रे पोलिसांत जमा करण्याचे हुकूम निघाले. सुटे भाग विकत घेणेही संशयाचे झाले. अशा मुंबईत ऑगस्ट १९४२ मध्ये, काँग्रेसचे नेते तुरुंगात गेल्यावर, काही तरुणांनी स्वतःचे रेडिओ केंद्र चालवायचे ठरवले. विल्सन कॉलेजच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलभाई झवेरी आणि चंद्रकांत झवेरी ही त्यातली प्रमुख नावे. जिद्द पुष्कळ होती. यंत्र कोण देणार?

यंत्र आले ते मुंबईतल्याच दोन जागांहून. रेडिओचे तंत्र जाणणारे नरिमन प्रिंटर यांनी ट्रान्समीटरची जुळणी केली. आणि ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने यांनी सामान व माणसे पुरवली. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर लावणारी ती हीच कंपनी. कराची-मुंबईच्या लाखालाखांच्या सभांमध्ये नेत्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवत होते ते त्यांचेच कर्णे. म्हणजे ज्यांच्याकडे वर्धक, मायक्रोफोन आणि व्हॉल्व्ह यांचा साठा धंद्यापोटी कायदेशीरपणे होता, अशी जी थोडी ठिकाणे शहरात उरली होती, त्यांतलेच एक दार या मुलांना उघडले.

२७ ऑगस्टला पहिला आवाज उमटला: ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून. हिशेब मांडला तर ही लहर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झची येते, म्हणजे हौशी मंडळींच्या ४० मीटरच्या पट्ट्यातली. जप्त न झालेले, लपवून ठेवलेले हौशी सामान ज्या लहरीसाठी बनले होते तिच्यावरच हे केंद्र बोलत होते, हा योगायोग नसावा. चिमूर-आष्टीच्या उठावानंतर पोलिसांनी आणि लष्कराने तिथे काय केले, जमशेदपूरच्या कामगारांनी काय केले, या वृत्तपत्रांत न छापता येणाऱ्या बातम्या त्यावरून गेल्या. राम मनोहर लोहियांसारख्या भूमिगत नेत्यांची भाषणे गेली. ट्रान्समीटर एका जागी ठेवणे धोक्याचे, कारण दिशा शोधणारी यंत्रे घेऊन पोलिसांच्या गाड्या फिरत होत्या. चौपाटीवरच्या ‘सी व्ह्यू’ इमारतीपासून गिरगाव-गावदेवीच्या गल्ल्यांपर्यंत यंत्राने जागा बदलल्या. सरकारी रेडिओने त्याच लहरीवर गोंगाट सोडून आवाज दाबायचा प्रयत्न केला.

शेवटी पोलिसांना लहरीने नव्हे, माणसाने वाट दाखवली. प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि फुटले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी छापा पडला. खटल्यात खाकर यांना ५ वर्षे, उषा मेहतांना ४ वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना १ वर्षाची शिक्षा झाली. मोटवाने आणि विठ्ठलभाई सुटले. उषाबेनना शिक्षा भोगायला येरवड्याला नेले. ज्या एका माणसाला यंत्र बांधता येत होते त्याच्यावर सगळी मदार होती. अशा केंद्राचे आयुष्य तीन महिने निघाले हेच खरे तर नवल.

पुढे गोव्याच्या लढ्यात हाच मार्ग पुन्हा वापरला गेला. २५ नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लीबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेलगतच्या जंगलातून, आधी आंबोलीकडून आणि मग कॅसलरॉकहून, पोर्तुगीज व कोकणीत गुप्त प्रसारण चालवले. पोर्तुगीजांना ते अखेरपर्यंत बंद पाडता आले नाही. इथे यंत्र भारताच्या भूमीवर होते, मुंबईच्या मुलांना मिळाली नाही ती पाठराखण त्यांना होती.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाच्या वाट्याला सहा केंद्रे आणि १८ ट्रान्समीटर आले, अडीच टक्के भूभाग आणि ११ टक्के लोकसंख्येपुरते. सरदार पटेलांच्या काळात छोट्या यंत्रांवर ठिकठिकाणी केंद्रे काढण्याचा सपाटा लागला. नागपूर १९४८ च्या जुलैत सुरू झाले, पुणे १९५३ च्या गांधीजयंतीला. याच काळात शेजारच्या सिलोनकडे एक मोठे घबाड होते. युद्धात माउंटबॅटन यांच्या दक्षिण-पूर्व आशिया कमांडने सैनिकांसाठी आणलेला १०० किलोवॉटचा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर युद्ध संपल्यावर तिथेच राहिला आणि रेडिओ सिलोनच्या हाती पडला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर दिल्लीत नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ नंतर आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’साठी सारा देश कोलंबोकडे कान लावून बसला. अभिरुचीच्या त्या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्या ट्रान्समीटरवर फारसे नाही. ते यंत्र बोटीत भरून परत विलायतेला गेले असते तर केसकरांचे धोरण कदाचित पचूनही गेले असते! अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली.

१९६२ च्या चीन युद्धाने हीच कमतरता राजकारणात आणली. पेकिंग रेडिओ आग्नेय आशियात खणखणीत ऐकू येई आणि दिल्लीचा आवाज पोचत नसे. १९६३ च्या जुलैत सरकारने अमेरिकेशी करार केला: कलकत्त्याजवळ १,००० किलोवॉटचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर भारताला मिळेल, बदल्यात व्हॉइस ऑफ अमेरिका रोज तीन तास तो वापरील. एवढे प्रचंड यंत्र भारतात कुणी बनवत नव्हते आणि विकत घ्यायला परकीय चलन नव्हते. व्यवहार म्हणून पाहिले तर सौदा वाईट नव्हता. पण अलिप्ततावादाचा पुरस्कार करणाऱ्या देशाच्या भूमीवरून अमेरिकन सरकारचा प्रचार जाणार, यावर संसदेत आणि बाहेर काहूर उठले, नेहरूंना पाऊल मागे घ्यावे लागले आणि करार बारगळला. पुढे त्याच शक्तीचे ट्रान्समीटर सोव्हिएत संघाकडून आले. कलकत्त्याजवळ चिनसुऱ्याचा १९६९ मध्ये आणि राजकोटचा १९७१ मध्ये सुरू झाला. आणखी एक तेवढाच मोठा ट्रान्समीटर नागपूरला बसला आणि १८ मे १९८८ पासून त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चालू लागली. देशाच्या मध्यावर बसवलेल्या मनोऱ्यावरून रात्रीच्या मीडियम वेव्हने चारी दिशा गाठायच्या, ही कल्पना सोपी आणि अचूक होती.

दरम्यान बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्याने, आकाशवाणीसाठी ट्रान्समीटर आणि व्हॉल्व्ह बनवायला घेतले. ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह हा पुरा खर्चिक पाहुणा: त्याला पाण्याने किंवा वाऱ्याने थंड ठेवायचे, हजारो व्होल्टची वीज द्यायची, आणि ठरावीक तास भरले की बदलायचा. तो बनवणारे कारखाने जगभर एकेक करून बंद होत गेले. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये बातमी आली की बीबीसीच्या रेडिओ ४ चे लाँगवेव्ह प्रसारण ज्या मीटरभर उंच व्हॉल्व्हवर चालते, तसे जगात दहाही उरलेले नाहीत.

त्यावरचा उपाय व्हॉल्व्ह सोडूनच देणे हा होता. अमेरिकेतल्या हॅरिस कंपनीचे हिल्मर स्वॉन्सन यांनी १९८० च्या दशकात असा ट्रान्समीटर बनवला, ज्यात आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते आणि मग दर क्षणाला किती छोटे वर्धक चालू आणि किती बंद, हे तो आकडा ठरवतो. पालखीला खांदा देणारे भोई कमीजास्त होत राहावेत आणि पालखी थांबू नये, तसे हे चालते. एखादा वर्धक जळाला तरी बाकीचे काम रेटतात. हवेत जाते ती लहर मात्र जुनीच, आजोबांच्या संचालाही ऐकू येणारी. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातली नॉटेल ही १९६९ ची कंपनी व्हॉल्व्हविना यंत्रे बनवूनच जगातल्या मीडियम वेव्ह केंद्रांची मोठी पुरवठादार झाली. आज एएमचा नवा ट्रान्समीटर हवा असेल तर तो मिळतो, पूर्वीपेक्षा लहान, कमी वीज खाणारा आणि कपाटाच्या आकाराचा. मनोऱ्याला मात्र कुणालाच पळवाट सापडली नाही. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे. त्या लहरीची लांबी ५३७ मीटर, आणि तिचा चौथा हिस्सा धरला तरी मनोरा १३४ मीटरचा होतो. शिवाय पायथ्याशी जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचे जाळे. शहरे वाढली तशी यासाठी लागणारी मोकळी जमीनच ट्रान्समीटरहून महाग झाली.

मग आली डिजिटल लहर, डिजिटल रेडिओ मोंडिआल ऊर्फ डीआरएम. १९९८ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू येथे तिचा पाया घातला गेला आणि २००३ मध्ये नियमित प्रसारणे सुरू झाली. मीडियम वेव्हच्या त्याच पट्ट्यात खरखर नसलेला आवाज, पडद्यावर मजकूर, एकाच ट्रान्समीटरवर दोन-तीन वाहिन्या. आकाशवाणीने ही कल्पना जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर उचलली. मीडियम वेव्हचे ३५ डीआरएम ट्रान्समीटर देशभर लागले, त्यांत नॉटेलचे बरेच. चिनसुऱ्याच्या सोव्हिएत यंत्राच्या जागी १,००० किलोवॉटचे नवे डीआरएम यंत्र बसले आणि २३ ऑगस्ट २०१६ ला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्यावरून बांगलादेशासाठी ‘आकाशवाणी मैत्री’ सुरू केली.

आणि बाजारात संच नव्हते. १९२७ चीच गोष्ट, फक्त सरकारच्या पैशाने आणि ३५ ठिकाणी. एव्हिऑनसारख्या भारतीय कंपनीने डीआरएम संच बनवला, चिनी कंपन्यांनीही बनवले, पण साधा ट्रान्झिस्टर काही शे रुपयांना मिळत असताना हे संच हजारोंच्या घरात होते आणि गावच्या दुकानात तर दिसतच नव्हते. संच स्वस्त होण्यासाठी ते लाखांनी खपायला हवेत, आणि लाखांनी खपायला ते आधी स्वस्त हवेत. अमेरिकेत एएम केंद्रांना पूर्ण डिजिटल होण्याची परवानगी २०२० मध्ये मिळाली, तिथेही हाच पेच आहे. भारतात डीआरएमला श्रोते मिळाले ते वेगळ्याच दाराने: मारुती, ह्युंदाई, महिंद्रा यांनी काही मोटारींच्या डॅशबोर्डमधल्या रेडिओत डीआरएमची चिप घातली आणि अशा लाखो गाड्या रस्त्यावर आल्या. बऱ्याच मालकांना आपल्या गाडीत ही सोय आहे याची कल्पनाही नसते. खेड्यातल्या ज्या शेतकऱ्यासाठी मीडियम वेव्ह टिकवायची असे कागदोपत्री म्हटले जाते, त्याच्या हाती मात्र हा संच आलेला नाही.

इतक्यात धोरण एफएमकडे वळले. राष्ट्रीय वाहिनी २०१८ च्या अखेरीस बंद झाली. २८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी ९१ एफएम ट्रान्समीटर एकदम सुरू केले, प्रत्येक १०० वॉटचा. सगळ्यांची शक्ती एकत्र केली तरी १० किलोवॉटही होत नाही. आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने मोबाइल बनवणाऱ्या कंपन्यांना सूचना पाठवली: फोनमध्ये एफएम रेडिओची सोय असेल तर ती बंद करू नका, आणि नसेल तर घाला.